हद्दीचे दगड आणि स्मरणशक्तीची दंतकथा

अमेरिकेच्या राजधानीविषयी एक गोष्ट मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रपुस्तकांतून वर्षानुवर्षे सांगितली जाते. वॉशिंग्टन शहराचा आराखडा करणारा फ्रेंच अभियंता पिअर लाँफाँ भांडून काम सोडून गेला आणि जाताना सगळे नकाशे घेऊन गेला. सारे हवालदिल झाले. तेव्हा बेंजामिन बॅनेकर नावाचा एक कृष्णवर्णीय मोजणीदार पुढे आला. त्याने तो संपूर्ण आराखडा दोन दिवसांत, केवळ आठवणीवर, पुन्हा काढून दिला आणि राजधानी वाचली.

वर्गात सांगायला ही गोष्ट फार सोयीची आहे. तिच्यात संकट आहे, नायक आहे, आणि नायक अशा समाजातला आहे की ज्याला त्या काळी माणूस म्हणूनही धड वागवले जात नव्हते. त्यामुळे ती ऐकताना मन भरून येते आणि तपासण्याचे कुणाच्या मनात येत नाही. आम्ही येथे ती तपासणार आहोत. मात्र गोष्ट खरी नाही एवढेच सांगून थांबण्यात आम्हांला रस नाही. या गोष्टीखाली जे खरे काम झाकले गेले, ते विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

तारखा काय सांगतात?

नव्या राष्ट्राची राजधानी पोटोमॅक नदीकाठी वसवावी, असा कायदा जुलै १७९० मध्ये झाला. तिच्यासाठी जास्तीत जास्त दहा मैल बाजूचा चौरस घ्यावा असे ठरले. हद्द आखण्याचे काम फेब्रुवारी १७९१ मध्ये अँड्र्यू एलिकट या नामांकित भूमापकाकडे आले. एलिकटने मदतीला बॅनेकरला घेतले. बॅनेकर तेव्हा ५९ वर्षांचा होता. तो फेब्रुवारीत कामावर आला आणि एप्रिल १७९१ च्या अखेरीस घरी परतला. म्हणजे तो तेथे सुमारे तीन महिने होता.

लाँफाँ मार्च १७९१ मध्ये आला. त्याने आपला आराखडा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यापुढे ठेवला तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. त्याला कामावरून दूर केले गेले ते फेब्रुवारी १७९२ मध्ये. बॅनेकरला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. जो आराखडा तो तेथे असताना पुरा झालाच नव्हता, तो त्याने पाठ कसा केला असेल? लाँफाँने मूळ कागद द्यायला नकार दिला हे खरे. पण पुढचा आराखडा एलिकटने आपला भाऊ बेंजामिन याच्या मदतीने, जवळच्या मोजमापांवरून तयार केला आणि तो १७९२ मध्ये छापला गेला. कदाचित दोघांच्या ‘बेंजामिन’ या एकाच नावाचाही गोष्टीला हातभार लागला असेल. लाँफाँचा १७९१ चा हस्तलिखित आराखडा आजही वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयात आहे.

एवढ्या चार तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या, तर आठवीतला मुलगाही गोष्टीतली फट दाखवू शकेल. सिल्व्हिओ बेदिनी या वैज्ञानिक उपकरणांच्या इतिहासकाराने १९७२ मध्ये बॅनेकरचे चरित्र लिहिले आणि १९९९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. पत्रे, हिशेब आणि बॅनेकरची स्वतःची वही समोर ठेवून त्याने खरे आणि ऐकीव वेगळे केले. ग्रंथ जाडजूड आहे आणि शाळांपर्यंत पोचला नाही. शाळांत पोचली ती दंतकथाच.

चौरस जमिनीवर कसा उतरतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कागदावर चौरस काढायला पट्टी आणि गुण्या पुरतो. पण प्रत्येक बाजू दहा मैल, मध्ये दोन नद्या, ओढे, दलदल आणि घनदाट जंगल असताना तो जमिनीवर कसा काढायचा?

वॉशिंग्टन यांच्या मार्च १७९१ च्या घोषणेत सुरुवातीचा बिंदू आणि पहिली दिशा दिली होती. अलेक्झांड्रिया गावाजवळ, हंटिंग क्रीक ही खाडी पोटोमॅकला मिळते तेथे जोन्स पॉइंट नावाचे टोक आहे. तेथून उत्तरेच्या पश्चिमेस ४५ अंशांवर दहा मैल सरळ जायचे. मग काटकोनात वळून पुन्हा दहा मैल, असे करत चौरस मिटवायचा. म्हणून हा चौरस पतंगासारखा कोनावर उभा आहे. त्याचा दक्षिण कोन जोन्स पॉइंटला आहे. पहिला दगड तेथे १५ एप्रिल १७९१ रोजी समारंभाने बसवला गेला.

येथे पहिली अडचण येते ती उत्तरेची. आपण मुलांना सांगतो, होकायंत्राची सुई उत्तर दाखवते. पण सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. ती खऱ्या उत्तरेपासून किती ढळलेली आहे हे जागेनुसार बदलते आणि वर्षांनुसारही बदलते. दहा मैल लांबीच्या रेषेत दिशा फक्त एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, चुकली तरी शेवटचे टोक सुमारे १५ फूट बाजूला जाते. सुईच्या भरवशावर राजधानीची हद्द आखणे शक्य नव्हते. म्हणून दिशा घ्यायची ती ताऱ्यांवरून.

पुढची कामे अंगमेहनतीची होती. रेषेच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस फूट, म्हणजे एकूण चाळीस फूट रुंदीचा पट्टा झाडे तोडून मोकळा केला गेला. नाहीतर दुर्बिणीतून पुढचा बांबू दिसणारच नाही. चाळीस मैल लांब आणि चाळीस फूट रुंद पट्टा म्हणजे जवळजवळ १९४ एकर. नद्यांच्या पात्राचा भाग वजा केला तर आकडा थोडा कमी होईल, पण कामाचा आवाका लक्षात येतो. मग साखळीने अंतर मोजायचे आणि दर मैलाला दगड पुरायचा. असे एकूण ४० दगड बसवले. व्हर्जिनिया राज्याच्या बाजूचे १४ दगड १७९१ मध्ये आणि मेरिलँडच्या बाजूचे २६ दगड १७९२ मध्ये बसले. दगड वालुकाश्माचे होते. एका अंगावर राजधानीच्या हद्दीचा उल्लेख, विरुद्ध अंगावर शेजारच्या राज्याचे नाव, तिसऱ्या अंगावर वर्ष आणि चौथ्या अंगावर त्या जागी होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते तो आकडा कोरलेला होता. पुढे कुणी मोजणीदार साधे होकायंत्र घेऊन आला, तर त्याला दुरुस्ती किती करायची ते दगडावरच वाचता यावे, ही सोय होती.

तंबूतले घड्याळ

बॅनेकरचे काम या सगळ्यात कुठे येते? तो जंगलात साखळी ओढत नव्हता. त्याची जागा जोन्स पॉइंटच्या वेधशाळेच्या तंबूत होती. आकाशाचे वेध घेणे, त्यांच्या नोंदी करणे आणि मुख्य म्हणजे खगोलीय घड्याळ बिनचूक चालू ठेवणे, हे त्याचे काम होते.

घड्याळ का लागते, हे नीट समजून घेऊ. एखादा तारा पूर्वेकडे चढत असताना ठरावीक उंचीवर आला की वेळ टिपायची. तोच तारा पलीकडे उतरताना पुन्हा तेवढ्याच उंचीवर आला की वेळ टिपायची. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे तारा याम्योत्तर वृत्तावर होता तो क्षण. दुसऱ्या रात्री तारा ३ मिनिटे ५६ सेकंद लवकर तेथे येतो. हे धरून नेमक्या क्षणी दुर्बीण ताऱ्यावर रोखली, की तिची दिशा हीच खरी उत्तर-दक्षिण. सूर्याचे असेच वेध घेऊन घड्याळ पुढे जाते की मागे पडते, तेही तपासता येते.

आता हे घड्याळ कापडी तंबूत, हिवाळ्यात, नदीकाठी उभे आहे अशी कल्पना करा. सेकंदाच्या लंबकाची लांबी सुमारे ९९ सेंटिमीटर असते. दांडी साध्या लोखंडाची असेल, तर तापमान १० अंश सेल्सिअसने वाढताच ती सुमारे ०.१२ मिलिमीटरने लांबते. ऐकायला हे काहीच नाही. पण तेवढ्याने घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडते. आकाश दर ४ सेकंदांत १ कला फिरते. म्हणजे तंबूतल्या थंडीवाऱ्याची चूक थेट दिशेत उतरू शकते आणि दहा मैलांवर पंधरा-वीस फुटांची होऊ शकते. म्हणून घड्याळाजवळचे तापमानही पाहत राहावे लागे, रात्री तारे आणि दिवसा सूर्य पाहावा लागे. झोप मिळे ती तुकड्यातुकड्यांनी.

या कामासाठी बॅनेकरच का, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. बाल्टिमोरजवळ तंबाखूची शेती करणारा हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याने लाकडाची दातेरी चाके कोरून टोले देणारे घड्याळ बनवले होते. ते त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८०६ पर्यंत, चालले. वयाच्या पन्नाशीनंतर शेजारच्या जॉर्ज एलिकटकडून पुस्तके आणि उपकरणे उसनी घेऊन तो खगोलशास्त्र शिकला. ग्रहणांची गणिते करू लागला. घड्याळ आणि आकाश या दोन्हींची जाण असलेला माणूस एलिकटला हवा होता, आणि तो शेजारीच होता.

चूक कुठे झाली?

कोणत्याही मोजणीची समीक्षा करायची तर फेरमोजणीसारखे साधन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही हद्द पुन्हा मोजली गेली. चारही बाजू दहा मैलांहून थोड्या जास्त निघाल्या. नैर्ऋत्य बाजू २३०.६ फूट, ईशान्य बाजू २६३.१ फूट, आग्नेय बाजू ७०.५ फूट आणि वायव्य बाजू ६३ फूट जास्त. उत्तर कोन दक्षिण कोनाच्या थेट उत्तरेला हवा, तो सुमारे ११६ फूट पश्चिमेला आढळला.

हे आकडे गोष्टीच्या पुस्तकांत बहुधा येत नाहीत. आले तर ‘किती अचूक काम’ एवढ्या उद्गारासाठी येतात. पण त्यांच्याकडून बरेच काही वदवून घेता येते.

त्या काळी इंग्रजी मुलखांत अंतर मोजण्याचे रूढ माप म्हणजे एडमंड गंटरने १६२० मध्ये रूढ केलेली ६६ फुटी साखळी, शंभर कड्यांची. आपल्या वाचकांना ती परकी वाटू नये. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे याच साखळीच्या निम्म्याचा वर्ग. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे दहा चौरस साखळ्या. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि वॉशिंग्टनची हद्द यांचे मूळ एकाच मापात आहे.

दहा मैल म्हणजे ८०० साखळ्या. वायव्य बाजूची ६३ फुटांची चूक ८०० मध्ये वाटली, तर साखळीमागे एक इंचही भरत नाही. ईशान्य बाजूची चूक मात्र साखळीमागे जवळजवळ चार इंच भरते. चढउतारावर साखळी जमिनीलगत धरली, तर मोजलेले अंतर आडव्या अंतराहून जास्त येते आणि बाजू कमी पडायला हवी. येथे उलट झाले आहे. साखळी वापरून झिजली, कड्यांची तोंडे सैल झाली, तर ती लांबते आणि बाजू जास्त निघते. पण मग चारही बाजूंची चूक सारखी हवी. ती तशी नाही, म्हणजे एका कारणाने सगळे उलगडत नाही.

आता दिशेकडे पाहू. समजा दिशा अगदी अचूक ४५ अंशांच्या होत्या आणि चूक फक्त लांबीत होती. दक्षिण कोनापासून नैर्ऋत्य बाजूने पश्चिम कोनाला गेलो आणि तेथून वायव्य बाजूने उत्तर कोनाला आलो, तर पश्चिमेकडची जादा हालचाल किती? २३०.६ वजा ६३, म्हणजे १६७.६ फूट. त्याला २ च्या वर्गमुळाने भागले की ११८.५ फूट. प्रत्यक्षात आढळले ११६. पूर्वेच्या बाजूंनी गेलो तर असेच उत्तर १३६ फूट येते. दोन्ही उत्तरे ११६ च्या जवळ आहेत. याचा अर्थ, उत्तर कोन सरकला तो मुख्यतः लांबीच्या चुकीमुळे. दिशा एक-दोन कलांच्या आत राखली गेली होती. ताऱ्यांचे काम नीट झाले, साखळीचे तेवढे नीट झाले नाही.

पुढच्या रेषांच्या वेळी बॅनेकर तेथे नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. सबंध कामाची जबाबदारी आणि श्रेय एलिकटचे आहे. पण सुरुवातीचा बिंदू आणि पहिली दिशा ठरली ती बॅनेकर तंबूत असताना, आणि पुढच्या सगळ्या काटकोनांचा आधार ती पहिली दिशा होती.

कौतुकाची अडचण

आमचा आक्षेप येथे आहे. दंतकथा बॅनेकरला मोठे करायला निघते आणि त्याची खरी कर्तबगारी काढून घेते. स्मरणातून आराखडा काढणे हा चमत्कार झाला. चमत्कार शिकता येत नाही, तपासता येत नाही. घड्याळ पाच सेकंदांच्या आत राखणे हे शिकता येते आणि दोनशे वर्षांनंतर फेरमोजणीच्या आकड्यांवरून त्याचा अंदाजही घेता येतो. यातले कोणते मुलांपुढे ठेवायचे?

कौतुकाची ही घाई पुस्तकांपुरती राहिलेली नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९८० मध्ये बॅनेकरचे तिकीट काढले. त्यावर तो दुर्बिणीमागे उभा असलेला मोजणीदार म्हणून दिसतो. घड्याळ त्यात नाही. नैर्ऋत्य बाजूच्या नवव्या मैलाच्या दगडाला १९७६ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला तो बॅनेकरच्या नावाने. हा दगड बसवला गेला तेव्हा बॅनेकर आपल्या शेतावर पंचांगाची गणिते करत होता.

‘एवढ्याने काय बिघडले? उपेक्षित माणसाला थोडे जास्त श्रेय मिळाले तर मिळू दे,’ असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे. ऑगस्ट १७९१ मध्ये बॅनेकरने आपल्या पंचांगाची हस्तलिखित प्रत टॉमस जेफरसन यांना पाठवली. सोबतच्या पत्रात, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याने माणसांना गुलाम कसे ठेवावे, असा रोखठोक सवाल केला. जेफरसन यांनी सौजन्याने उत्तर दिले. पण १८०९ मध्ये, बॅनेकर गेल्यानंतर, त्यांनीच एका खासगी पत्रात शंका घेतली, की या गणितांत एलिकटची मदत असावी. ज्याच्या अस्सल गणितावरही अशी शंका घेतली गेली, त्याच्या बाजूने उभे राहायचे तर पुरावाच हवा. असा पुरावा आहे. बॅनेकरच्या दफनाच्या दिवशी त्याचे घर आगीत गेले, लाकडी घड्याळही गेले, पण त्याच्या हातची गणितांची वही वाचली. त्या वहीशेजारी स्मरणशक्तीची भाकडकथा ठेवली, की शंका घेणाऱ्याला आयते निमित्त मिळते. गोष्ट खोटी ठरली की तो वहीलाही खोटी म्हणतो.

याच्या उलट टोकालाही जाणारे आहेत. तीन महिन्यांचा मदतनीस, त्याचे एवढे काय, असे ते म्हणतात. हेही आम्हांला पटत नाही. शास्त्रीय काम पुष्कळदा असेच होते. पहिल्या रेषेचा आधार कुणी बसवतो, साखळी कुणी ओढतो, झाडे कुणी तोडतो, आणि नाव एकाचे राहते. कुऱ्हाडवाले आणि साखळीवाले तर गोष्टीच्या पुस्तकांत येतच नाहीत. एकाला देव करणे आणि बाकीच्यांना पुसून टाकणे, ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत.

वर्गासाठी

हे सारे शाळेच्या मैदानावर करून पाहता येते. सकाळी मोकळ्या जागी सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. दुपारच्या आधी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवेल तेथे खूण करा. दुपारनंतर ते पुन्हा शिवेल तेथे दुसरी खूण करा. दोन खुणांच्या मध्यातून काठीकडे जाणारी रेषा ही खरी उत्तर-दक्षिण. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली शंकूची रीत हीच, आणि समान उंचीच्या वेधांची रीतही हीच. फरक एवढाच, की येथे घड्याळाचे काम वर्तुळ करते. शेजारी होकायंत्र ठेवून दोन्ही उत्तरांची तुलना करा.

मग त्या रेषेपासून ४५ अंश घेऊन वीस मीटर बाजूचा चौरस आखायला सांगा. अर्ध्या वर्गाला सुतळी द्या, अर्ध्या वर्गाला पोलादी टेप द्या. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजायला लावा. चौरस बहुधा मिटणार नाही. मुलांना विचारा, चूक लांबीत आहे की कोनात, आणि ते कशावरून ठरवले. हा वाद पुरेसा रंगला की एलिकटच्या चार बाजूंचे आकडे फळ्यावर लिहा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. बॅनेकरचे नाव आणि त्याच्या घड्याळाची हकिकत त्यानंतर सांगावी. तोवर मुलांना त्याचे काम काय होते ते हाताने कळलेले असेल.